पलीकडे आम्ही येत नाही

माझा धाकटा भाऊ छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवतो आणि त्या सर्चमध्ये वर याव्यात म्हणून झटतो. या धंद्यात राहून खोटं न लिहिता त्याला कसं जमतं, हे मला कधी कळलं नाही. जमतं म्हणजे काय, पोटापुरतं जमतं.

लॉन्ड्रीच्या वरची एक खोली, हे त्याचं ऑफिस. दोन स्क्रीन, एक खुर्ची, एक स्टूल, आणि ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते. एकदा मी तिथे बसलेली असताना ड्रायव्हिंग स्कूलवाले आले. म्हणाले, "पन्नासेक चांगले रिव्ह्यू टाकून दे ना. वेगवेगळ्या नावांनी."

"मी तुमच्याकडे गाडी शिकलेलो नाही," भाऊ म्हणाला.

"अरे, पण कळणार आहे कुणाला?"

"ज्याला शिकायचीय त्याला. पहिल्याच दिवशी."

शिकून गेलेल्या लोकांनाच दोन ओळी लिहायला सांगा, असं त्याने सुचवलं. ते गेले ते गेलेच. मी कपाळावर हात मारून घेतला.

पडदेवाल्या बाईंचं काम मात्र त्याने आवडीने केलं. त्यांच्या जुन्या वेबसाइटच्या तळाशी बरीच कोरी जागा होती. त्याने तिच्यावरून माउस ओढला तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं उमटली: समोरच्या दुकानाचं नाव, दोनशे वेळा. लोकांना दिसू नये पण मशीनने वाचावं, आणि ते दुकान शोधणारा इथे यावा, म्हणून आधीच्या कुणीतरी केलेली करामत. भावाने ती पुसली. मग अर्धा दिवस त्यांच्या दुकानात बसून, पश्चिमेच्या खिडकीला कोणतं कापड, लहान मुलं असतील तर कोणतं, असं विचारत बसला आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहिली. बाईंकडे आजही ते पान वाचून गिऱ्हाईक येतं.

पूर्वी मोठ्या कंपनीत असताना त्यानेही हे सगळे उद्योग केले होते. व्हीलचेअर विकणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी असंच वर चढवलं, सर्चवाल्यांनी चोरी पकडली आणि एका सकाळी तो माणूस सर्चमधून पार गायब झाला. समजावायला भावाला पाठवलं. त्या माणसाने शांतपणे एवढंच विचारलं, "हे करताना मला विचारलं होतंत का?" भावाने महिन्याभरात नोकरी सोडली.

आता माझं. मी कुलूपवाली. वडिलांचा धंदा, त्यांच्यानंतर माझा. दुकान दाराएवढं रुंद, भिंतभर चाव्या. पण खरी कमाई दुकानात नाही, घराबाहेर अडकून पडलेल्या माणसांकडून आहे, आणि ती माणसं फोन काढून सर्च करतात.

माझी वेबसाइट अर्थात भावाने बनवली. त्याआधी तीन दिवस तो माझ्या स्कूटरवर मागे घड्याळ घेऊन बसला आणि आम्ही कुठे किती मिनिटांत पोचतो ते टिपत राहिला. मग त्याने लिहिलं: "नदीच्या अलीकडे वीस मिनिटांत. पलीकडे आम्ही येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "येत नाही असं कुणी स्वतःच्या पाटीवर लिहितं का? दुकान चालवायचंय की बंद करायचंय?"

"ताई, दाराबाहेर अडकलेला माणूस मिनिटं मोजत असतो."

मी गप्प बसले, कारण तेव्हा फोन येत होते. पुढे बाहेरची एक कंपनी आली. तिने प्रत्येक वस्तीच्या नावाने वेगळं पान केलं, जणू गल्लोगल्ली तिचं दुकान. माझे फोन निम्म्यावर आले, मग त्याच्याही निम्म्यावर. मी भावाला म्हटलं, मलाही तसंच करून दे.

"नाही."

"मग शटर खाली ओढू?"

कुलपांचे फोटो, चावी तुटली तर काय करायचं याची माहिती, असं खरं काय काय टाकता येईल ते तो सांगू लागला. सहा महिन्यांत फरक दिसेल म्हणाला. माझ्याकडे सहा आठवडे नव्हते. "हरिश्चंद्राचा अवतार पोसायला मी काही राजा नाही," असं तोंडावर सुनावून मी निघून आले. दोन महिने त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या एकाने मला सेहेचाळीस पानं करून दिली. प्रत्येकावर माझा हसरा फोटो आणि खाली ओळ: "तुमच्याच गल्लीतली कुलूपवाली. पाच मिनिटांत दारात." फोन खणखणू लागला. मी हवेत होते. लांबून फोन आला तरी "निघालेच" म्हणायचं आणि तासाने पोचायचं. लोक कुरकुरत, पण दार उघडून घेत.

मग एका मंगळवारी सकाळी अकराला एका बाईचा फोन आला. फोन हातात घेऊन कचरा ठेवायला बाहेर आली आणि वाऱ्याने दार लागलं. आत दोन वर्षांचं मूल आणि गॅसवर दूध. "तुम्ही गल्लीतच आहात ना?"

"निघालेच," मी म्हटलं. तोंडाला सवय झाली होती. पिशवी उचलली आणि मग पत्ता नीट ऐकला. नदीच्या पलीकडे, थेट त्या टोकाला.

"ऐका, मी पन्नास मिनिटांवर आहे. फायर ब्रिगेडला फोन करा. मी जवळचा माणूस बघते."

ती ओरडली नाही. "मग तसं का लिहिलंत?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सर्च करून पाहिलं, धड काही सापडेना. शेवटी भावाला फोन लावला. अबोल्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. "पत्ता सांग," म्हणाला. दोन मिनिटांत त्याचा उलट फोन आला: "माणूस निघाला. तिच्या मागच्याच गल्लीत दुकान आहे."

तो म्हातारा कुलूपवाला चार मिनिटांत पोचला, फायर ब्रिगेडच्याही आधी. दूध जळून घरभर धूर झाला होता आणि मूल टेबलाखाली बसून खोकत होतं. बाकी धड होतं. हे कळल्यावर मी दुकानातच खाली बसले आणि रडले.

संध्याकाळी भावाच्या खोलीवर गेले. "मला का नाही सापडला तो?"

त्याने त्या वस्तीचं नाव आणि "कुलूपवाला" असं टाइप केलं. सगळ्यात वर माझा फोटो. खाली ती बाहेरची कंपनी. मग तिच्यासारख्याच आणखी कितीतरी. तो सर्चची पानांमागून पानं उलटत गेला. चौथ्या पानावर एक फोन नंबर आणि एक ओळ होती: "दुकान दहा ते आठ उघडे."

"तीस वर्षं तिथे आहेत ते," भाऊ म्हणाला.

लाजेने मान वर होईना. एवढे दिवस मला वाटत होतं, मी त्या कंपनीशी लढतेय. "सगळी काढून टाक," मी म्हटलं. फोन थंडावणार हे मला माहीत होतं आणि दुकानाचं पुढे काय, हे तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने एकेक पान उघडायला सुरुवात केली. मी वस्तीचं नाव वाचायची आणि पान पुसायच्या आधी विचारायची, "इथला खरा कोण?" आणि भाऊ सर्चमध्ये खाली, आणखी खाली जाऊन मला तो माणूस शोधून दाखवायचा.