भूपेशचं अडीचशे पानांचं पारायण

भूपेश भोईरला कुणी कामधंदा विचारला, तर तो "आनंदनगरला रंगाच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर" असं सांगतो, पण चेहरा असा करतो की ते आपलं तात्पुरतं आहे. खरा तो गेम मास्टर. मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये. एकदा डबा खाताना त्याने मला गाठलं आणि तोंडातला घास संपायच्या आत मला जादूगारीण करून टाकलं.

खेळ सोपा असतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करतो ते बोलून सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं: आकडा मोठा, तर जमलं. गोष्ट सांगणारा तो गेम मास्टर. काही जण गोष्ट मनाने रचतात. भूपेश नाही. त्याच्याकडे अडीचशे पानांचं छापील इंग्रजी पुस्तक होतं: एक शापित गड, त्यावर सिंहासनाला चिकटून बसलेला मेलेला राजा, आणि त्याला संपवायला निघालेले वीर. पुस्तकात दार डावीकडे असेल, तर ते डावीकडेच. आमच्यातल्या दिपेशने एकदा उजवीकडे जायचं म्हटलं, तर भूपेश तीनदा म्हणाला, "उजवीकडे भिंत आहे." चौथ्यांदा म्हणाला, "भिंतच आहे रे बाबा, नको ना छळूस."

अकरा वर्षांत त्याच्या तीन मंडळ्या मोडल्या होत्या. पहिली चाळिसाव्या पानावर, कारण दोघं पुण्याला गेले. दुसरी नव्वदाव्या पानावर एका लग्नात वाहून गेली. तिसरी भांडून फुटली. शेवटच्या पानावरचा परिच्छेद त्याला तोंडपाठ होता, पण खेळणाऱ्यांसमोर तो मोठ्याने वाचायचा योग काही आला नव्हता. "उमा, आयुष्यात एकदाच वाचायचाय गं," तो मला म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर बारीक व्हायचा.

चौथी मंडळी आमची. मी, उल्हासनगरला जीन्सचं दुकान असलेला दिपेश आणि शाळेत गणित शिकवणारी विनिता. दर रविवारी सकाळी कात्रपला, भूपेशच्या घरी. आम्हीही तिसऱ्या महिन्यात मोडलो असतो. वाचवलं कौसाबाईंनी.

कौसाबाई समोरच्या दारातल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी काय पाहिलं? रविवारची सकाळ, दाराबाहेर चपलांची रांग, आत आंघोळ करून बसलेला भूपेश, त्याच्यापुढे चौरंगावर तांबड्या कापडातलं जाडजूड पुस्तक. ते कापड रिद्धीने, भूपेशच्या बायकोने, चहा सांडू नये म्हणून घातलेलं. कानावर काय पडलं, तर शाप, राक्षस, मुक्ती. बाई ताटलीत शिरा घेऊनच आल्या.

"कसलं पारायण रे, भूपेश?"

भूपेशच्या तोंडात शिरा होता. तो म्हणाला, "गडाचं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण शिऱ्यात केळं होतं, तूप सढळ होतं, आणि आम्ही चौघंही मुळात निर्लज्ज. फासे बघून बाई बिचकतील असं वाटलं होतं. उलट खूश झाल्या. "कौल लावता होय! आमच्या गावच्या देवळातही लावतात."

पुढच्याच रविवारी दिपेशने दांडी मारली. कौसाबाईंनी माणसं मोजली आणि भूपेशकडून त्याला फोन लावून घेतला.

"काकी, सीझन आहे, दुकान कसं सोडू?"

"दुकानाला काय पाय फुटलेत? सुरू केलेलं पारायण अर्धवट ठेवायचं नसतं. घराला लागतं ते. ये."

तो आला. त्यानंतर चौदा महिने एकही गैरहजेरी नाही. विनिता पेपर तपासायचा गठ्ठा घेऊन यायची, मी एकदा ताप घेऊन आले. भूपेश मला हळूच विचारायचा, "पाप लागेल का गं आपल्याला?" मी म्हणायचे, "लागलं तर शेवटचं पान वाचून झाल्यावर लागू दे."

समाप्तीच्या रविवारी कौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, नैवेद्य घेऊन आल्या आणि नेमक्या भूपेशच्या मागे बसल्या. गेम मास्टर फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, आम्हाला दिसत नाहीत. कौसाबाईंना दिसत होते.

पान दोनशे अठ्ठेचाळीस. आम्ही तिघं आधीच अर्धमेले. राजा किंकाळी फोडणार होता. भूपेशने फासा टाकला, पाहिला आणि म्हणाला, "तीन. वाचलात!"

"तीन कुठे?" मागून कौसाबाई म्हणाल्या. "वीस आलेत की रे! कौल जसा पडेल तसा सांगावा."

वीस म्हणजे किंकाळीने तिघंही ठार. भूपेशचे कान लाल झाले. मला त्याची फार दया आली, आणि रागही: मेले मी, आणि रडवेला हा! दोन पानं. फक्त दोन पानं उरली होती, आणि ती ऐकायला गडावर एकही वीर जिवंत नव्हता.

"अरे, मग बसलास काय?" कौसाबाई म्हणाल्या. "वाचणारा आजारी पडला तर घरातलं दुसरं माणूस पुढचा अध्याय वाचतं. गडावर अजून कोण आहे ते बघ."

भूपेशने मुकाट्याने पानं चाळली. "एक मोलकरीण आहे. एकच ओळ आहे तिच्यावर. नावही नाही."

"मग मी ती. राजा काय करतोय?"

"बसलाय. तीनशे वर्षं."

"उठलाच नाही? मग खालची जागा झाडली कुणी? ऊठ म्हणावं त्याला, मला केर काढायचाय."

"काकी, असं पुस्तकात नाही हो..."

"कौल लाव."

लावला. एकोणीस. पुस्तकाप्रमाणे राजाची सगळी ताकद त्या सिंहासनात होती, पण त्याला उठवायचं कसं हे छापणाऱ्यांना सुचलं नव्हतं. राजा ओशाळून उठला आणि उभ्या उभ्या त्याची माती झाली. कौसाबाईंनी ती सुपलीत भरली.

दिपेशने शिट्टी मारली. भूपेशने शेवटचं पान उघडलं आणि सुरुवात केली, "तिघे वीर विजयी होऊन आपापल्या घरी परतले..."

"कुठले वीर?" कौसाबाई म्हणाल्या. "ती काय, मरून पडलीत तिघं. त्यांच्या घरी कोण सांगणार?"

भूपेश थांबला. पुस्तकाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग त्याने पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या मनाने सांगू लागला: ती मोलकरीण गड उतरली, आधी जादूगारिणीच्या आईकडे गेली, आईने तिला पाणी दिलं आणि बस म्हणाली. अर्धा तास तो सांगत होता. विनिता स्वतःच्या मरणावर ढसाढसा रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

सोमवारी कँटीनमध्ये मी त्याला डिवचलं, "शेवटचा परिच्छेद राहिलाच की रे वाचायचा."

"राहू दे," भूपेश डबा उघडत म्हणाला. "चुकीचा छापलाय."