पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे पळाली

गल्लीत तिला सगळे शिंपीणबाईच म्हणत. लोकांची मापं घेण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण जीव अडकलेला यंत्रांत. शिलाई मशीन बिघडलं, की बाह्या सरसावून स्वतःच उघडून बसायची. एका गोदामात कोंबड्यांनी घर केलेली जुनी, गोल नाकाची मोटार दिसली, तेव्हा तिनं आधी ती घरी ओढून आणली आणि मग नवऱ्याला विचारलं.

नवरा औषधांच्या दुकानात कामाला, शांत माणूस. आता आणलीच आहेस, तर निदान कोंबड्या परत कर, एवढंच म्हणाला.

हौसेला मोल नसतं, पण घाई फार असते. हातचं काम म्हणून तिनं सीटची लालभडक कव्हरं सगळ्यात आधी शिवली. मग तळाचा कुजका पत्रा जोडायला वेल्डर आला, आणि ठिणग्यांनी कव्हरांची चाळण झाली. कपाळावर हात मारून ती पुन्हा शिवायला बसली. निळा रंग दिला त्या दुपारी नेमकी वावटळ उठली; गाडी अशी खरखरीत झाली, की तिच्यावर खोबरं किसावं. तोही रंग खरवडून काढला. मागची चाकं फिरवणारी दातेरी चक्रं मात्र तिनं एकटीनं उघडली, धुतली आणि बसवली. त्याचा तोरा काही औरच होता.

अखेर इंजिन धडधडलं. नणंद नटूनथटून मागच्या सीटवर बसली, नवरा शेजारी. शिंपीणबाईनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सुसाट मागे गेली. वाळत घातलेल्या चादरी दोरीसकट टपावर आल्या. दुसरा गिअर टाकला, तर आणखी जोरात मागे.

"वहिनी," चादरीआडून नणंद म्हणाली, "बाजार पुढच्या बाजूला आहे."

गल्ली पोट धरून हसली. तिचं मात्र तोंड पडलं.

नवऱ्यानं हळूच सुचवलं, "रिव्हर्स टाकून बघ की."

टाकला. गाडी शहाण्यासारखी पुढे सरकली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, मागचं मोठं दातेरी चक्र मी उलट्या अंगाला बसवलंय! उजवी बाही डावीकडे शिवली, दुसरं काही नाही."

पडलेलं तोंड कुठल्या कुठे गेलं. इंजिन चालतंय, क्लच धरतोय, ब्रेक लागतोय. राहिली एक बाही. रिव्हर्समध्येच पुढे नेत तिनं गाडी जागेवर लावली आणि कपडे न बदलताच खाली शिरली.

पुढच्या रविवारी गाडी पहिल्या गिअरला पुढे गेली. गल्ली संपली, चढ लागला, नणंद खिडकीतून ओळखीच्यांना हात करत सुटली. माथ्यावर पोचतात तोच बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. शिंपीणबाई मात्र टाळी वाजवून खाली उतरली.

"रेडिएटर गळतोय," ती म्हणाली. "तो अजून मी उघडलेलाच नाही."