पदराची गाठ

मशीनच्या तेलाचा वास आला की सत्तरच्या दशकातलं आमचं शेलूबाजारजवळचं घर आठवतं. आईची शिलाई मशीन जुनी, आणि गल्लीतला येईल तो ती चालवायला बसायचा. काका तर फाटकी पोतीसुद्धा शिवत. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली, बायांची पांढरी पोलकी शिवायची राहिली, आणि मशीन पाय टेकला की कण्हायची. "वहिनी, भंगारात देऊन टाक हे डबडं," काका म्हणाले. डबडं म्हणे! आईनं मशीन खोलली, रॉकेलनं धुतली, कापड सरकवणाऱ्या दात्यांखालून पोत्यांच्या तागाचा मूठभर भुगा काढला, सैल पट्टा कापून आखूड केला, तेल सोडलं. मग मशीन अशी पळाली की जयंतीच्या आदल्या दिवशी सगळी पोलकी घरोघर पोचली. काका पुन्हा पोतं घेऊन बसले. सुई खालीवर होई, पण टाका पडेना. "शिवून काहून नाही राह्यली हे?" आईनं चुलीपुढूनच पदराची गाठ वर धरली, मशीनमधली खालच्या दोऱ्याची डबी काढून तिनं पदरात बांधली होती. "भाऊजी, आता मले इचारल्याशिवाय हे टाका नाही मारत!" परवा नातीनं माझा म्हातारा कॉम्प्युटर साफ करून पळता केला, त्याला पासवर्ड घातला आणि विचारलं, "आजी, कुठं जपून ठेवशील?" माझा हात आपसूक पदराकडे गेला.