समुद्रापलीकडचा किल्ला

तीस वर्षं कॉम्प्रेसर उघडणाऱ्या फिटरचा हात कधी अडखळला नव्हता. त्या रविवारी दुपारी मात्र माउसवरचं बोट काही केल्या खाली येईना.

संगणकावरचा खेळ जुना, तलवारी-घोड्यांच्या लढायांचा. तो आणि त्याचा थोरला भाऊ सात वर्षं त्यात एकच राज्य चालवत होते. नियम दादाचा: एक डाव तुझा, एक माझा. आपला डाव झाला की खुर्ची सोडायची, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मागून अक्कल पाजळायची नाही. समुद्रापलीकडचा किल्ला दादानं जिंकलेला. तिथं धान्य पोचायला तीन डाव लागायचे, शिपाई सदा उपाशी.

"नसती ब्याद आहे," फिटर म्हणायचा.

"जळतोस लेका!"

खऱ्या आयुष्यात मात्र उलटं झालं. दूरच्या दगडफोडीच्या कारखान्यात दादाला मुकादमी मिळाली. महिन्याभरात धुळीनं खोकला धरला. फोनवर त्यानं विचारलं, "सोडून येऊ का रे?"

"मुकादम झालास आणि कच खातोस? टिकव."

दादानं टिकवलं. दोन वर्षं. मालकानं तोंडाला बांधायला साधं फडकं दिलं नाही, मयताला हार मात्र हातभर लांब पाठवला.

शेवटच्या सुट्टीत दादा आपला डाव खेळून गेला होता. म्हणजे आता पाळी फिटरची. राजधानीला वेढा पडलेला, आणि निम्मी फौज त्या किल्ल्यात. परत बोलवावी तर दादाची निशाणी जाते, ठेवावी तर दोघांचं राज्यच बुडतं.

"भावजी, चहा गार झाला," वहिनी म्हणाली.

"दादाचा किल्ला सोडावा लागतोय, वहिनी."

ती पडद्यावरच्या किल्ल्याकडे बघत राहिली. "आत माणसं आहेत?"

"चारशे."

"मग बोलवा की घरी. भिंती काय चाटायच्यात?"

फिटरनं माउस धरला. 'ये घरी', एवढंच तर म्हणायचं होतं फोनवर.

त्यानं बटण दाबलं. किल्ल्यावरचं निशाण उतरलं, गलबतं निघाली. सवयीनं तो उठला, खुर्ची सोडली, आणि मग त्याला आठवलं, पुढचा डाव कुणाचा ते.

खुर्ची तशीच राहिली. थोड्या वेळानं वहिनी तिच्यात बसली. पदरानं माउस पुसला.

"पोचतील ना हो सगळे?"

"तीन डाव लागतील," फिटर म्हणाला, आणि नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.