काडीचाही बदल नको
खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर देशाच्या राजकारणात गेला तो एका आगीमुळे. एरवी तो नाकासमोर चालणारा माणूस. बसस्टँडमागे पत्र्याची शेड, दारात उभ्या केलेल्या सळ्या आणि हाताखाली धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा भावाला त्यानेच वाढवलं, त्याचं लग्नही त्यानेच लावून दिलं. जाळी कुणाचीही असो, तिच्यात तो एक झडप करायचाच. माणूस जाईल एवढी चौकट, दोन बिजागऱ्या, आतून कडी. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "चोराला आमंत्रण कशाला देताय?" तो म्हणायचा, "चोराचं चोर बघेल. आग लागली तर तुम्ही कुठून बाहेर पडणार ते सांगा."

कागदावर मात्र ती झडप कधी नसे. चित्रात लांबी, रुंदी आणि नक्षी, बस. झडप काय काढायची? जेवायला येताना तोंड घेऊन या, असं कुणी सांगतं का!

मग चौकातली इमारत पेटली, जिना धुराने भरला आणि वरच्या मजल्यांवरची माणसं त्याच्या झडपांतून शिडीवर उतरली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो, आणि आठवड्याभरात पक्षाची माणसं शेडमध्ये. बायको म्हणाली, "अहो, चार माणसांत शिंकायची लाज वाटते तुम्हाला, भाषणं कसली करताय?" खरं होतं ते. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली बघत नाही. तो उभा राहिला, निवडून आला आणि राजधानीतल्या सरकारी घरात राहायला गेला.

शेडचा कारखाना झाला. भाऊ तो सांभाळू लागला, बाहेरगावचे कामगार आले. खासदाराचा कारखाना म्हटल्यावर कामं चालून येणारच. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या सरकारी वसतिगृहाचं काम असंच आलं. भावाने जाळीचं चित्र फोनवर पाठवून विचारलं, "दादा, बघ एकदा. काही बदल?" दादा समितीच्या बैठकीत होता. त्याने मापं तपासली आणि टेबलाखालून लिहिलं, "बरोबर आहे. सरकारी काम आहे, काडीचाही बदल नको."

झडप तर असणारच, असं दादाने धरलं. दादाने नको म्हटलंय, असं भावाने धरलं. दादाचा शब्द त्याला काळ्या दगडावरची रेघ. वर्षभरात वसतिगृहाला पहाटे आग लागली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुली खिडकीपाशीच गुदमरून गेल्या. दादा धावत पोचला तेव्हा भिंत काळी ठिक्कर पडली होती. जाळी शाबूत होती. त्याचं काम कधी निखळायचं नाही.

पोलिसांनी भावाला उचललं. पक्षाचा सरचिटणीस घरी येऊन बसला. "तुम्ही कारखान्यातून केव्हाच बाहेर पडलात. मंत्रिपदासाठी नाव चाललंय तुमचं. आता तोंडातून ब्र काढू नका."

तो कोठडीत भावाला भेटला. भाऊ गजांपाशी आला, हळूच म्हणाला, "तुझा तो मेसेज पुसून टाकलाय मी. कुणाला सांगितलं नाही."

"वेडा आहेस का? चूक माझी होती."

"असू दे रे. तुझ्यामागे लोक आहेत. माझ्यामागे कोण आहे?"

"मी आहे ना," दादा म्हणाला. "संसदेत उभा राहून सगळं सांगतो."

तो खरंच सांगणार होता. वाटेत गाडीत त्याने वाक्यंही जुळवली होती. पण सभागृहात नाव पुकारलं गेलं, सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्याचा हात खिशात गेला. खिशात सरचिटणीसाने दिलेला कागद होता. तोच त्याने वाचला. "दोषी माझा सख्खा भाऊ असला तरी त्याला कठोरात कठोर शिक्षा झाली पाहिजे." बाकं वाजली. भावालाही पाठीशी न घालणारा माणूस म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. कसला भ्याड माणूस! आणि हे त्याच्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात बायको दिराला भेटायला गेली होती. ती परत आली तेव्हा तो दिवाणखान्यात बसून होता.

"भाषण ऐकलं त्याने?" त्याने विचारलं.

"हो. चौकीतल्या टीव्हीवर."

"काय म्हणाला?"

"भावोजी म्हणाले, दादा फार वाळलाय, वहिनी. त्याला वेळेवर जेवायला घालत जा."

तिने ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं, कपड्यांची पिशवी उचलली आणि जावेकडे राहायला निघून गेली.