बॉक्स, कांदा पावडर आणि आमचं नेटवर्किंग

फोनमधले फोटो मी अधूनमधून डिलीट करते. आमच्या ग्रुपचे किस्से मात्र डिलीट होत नाहीत. एक सांगून संपवावा तर चहाला बसलेला कुणीतरी दुसरा काढतोच.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये ‘व्यवसायासाठी सोशल नेटवर्किंग’ असं वर्कशॉप होतं. स्टेजवरचे सर सगळं इंग्रजीत बोलत होते, म्हणून आम्ही मागे समोशांपाशी जाऊन उभे राहिलो. खरं नेटवर्किंग तिथेच झालं! दिंडोरीचे रावसाहेब, द्राक्षबागायतदार. चांदवडची विद्या, कांद्याची पावडर करणारी. किरण, इन्शुरन्सवाला. आणि मी, अंबडला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारी.

मी काही हौसेने गेले नव्हते. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक परराज्यात निघून गेलं होतं. कारखाना माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, उभा केलेला. एकदा जेवताना ते म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर मशीन विकू, गाळा भाड्याने देऊ.” मी म्हटलं, मोबाईलवरून गिऱ्हाईक आणून दाखवते. दादा म्हणाले, “मोबाईल बघून कोणी बॉक्स घेतं का?”

*

धंदेवाल्या लोकांची एक साईट आहे, तिथे आम्ही सगळ्यांनी प्रोफाईल उघडली. रावसाहेबांचा फोटो पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. फोटोतून कापून टाकलेल्या कुणाचा तरी हात खांद्यावर तसाच. फोटोभोवती त्यांनी एक हिरवी चौकट लावली. ती चौकट नोकरी शोधणाऱ्यांसाठी असते, हे आम्हाला कळेपर्यंत त्यांना फोन आलासुद्धा. एक एजन्सीवाली मुलगी विचारत होती, “सर, गोडाऊन सुपरवायझरची जागा आहे, इंटरव्ह्यूला याल का?”

रावसाहेब म्हणाले, “ताई, मी कशाला येऊ? मलाच तोडणीला माणसं पाहिजे. तुमच्याकडं हायत का?”

तिच्याकडे होती. त्या हंगामात सगळ्यांच्या आधी रावसाहेबांची तोडणी उरकली. चौकट काढा म्हटलं तर म्हणाले, “राहू द्या वहिनी. हिरवीगार हाय, बागेला शोभती.”

*

विद्या फोनवरून लाईव्ह करायची. पावडरची डबी हातात धरून पाठ केलेलं बोलायची आणि बघायला आम्ही तिघं. एकदा मागून तिच्या सासूबाई आल्या. “अगं, एकटीच कोणाशी बोलती?”

विद्या घाबरली. सासूबाई मात्र फोनसमोर बसल्या. “ही पावडर रश्श्यात कधी टाकायची, ते हिला काय माहीत? मी सांगते.” आणि त्यांनी सांगितलं. विद्याच्या स्वयंपाकाचं कौतुक सोडून सगळं सांगितलं. तो व्हिडिओ इतका फिरला की दुबईच्या एका हॉटेलवाल्याने माल मागवला. खाली लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी आजींनाच बोलवा.’

आता सासूबाई सकाळीच विचारतात, “आज लाईव्ह हाय का? मग चांगलं लुगडं काढते.”

*

किरण सगळ्यांचं अभिनंदन करतो. साईटने सांगितलं की अमक्याच्या नोकरीला इतकी वर्षं झाली, की हा बटण दाबतो. एकदा असंच दाबलं आणि समोरून उत्तर आलं, ‘मला त्यांनी कधीच काढलं. प्रोफाईल बदलायचं धाडस झालं नाही.’

दुसरा कोणी गप्प बसला असता. किरणने त्या माणसाला मिसळ खायला बोलावलं. तो गृहस्थ पाव बाजूला ठेवून म्हणाला, “तुम्ही पहिले. बाकी कुणी फोनही केला नाही.” पुढे त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तिथल्या सगळ्या कामगारांचा विमा कोणी काढला, हे सांगायला नको.

*

माझ्या इंग्रजी पोस्टला एकच लाईक यायचा, नवऱ्याचा. शेवटी चिडून मी कारखान्यातल्या एका बॉक्सवर उभी राहिले, फोटो काढला आणि मराठीत लिहिलं, “या बॉक्सवर मी उभी आहे. माझं वजन विचारू नका. बॉक्सनेही विचारलं नाही.”

लाईकचा पाऊस पडला. एका मोठ्या फूड कंपनीच्या परचेस हेडने सॅम्पल मागवलं. मी स्वतः नेऊन दिलं. पुढे सगळं शांत. माझे मेसेज पोचत होते, वाचले जात होते, उत्तर नाही. दिवाळी जवळ येत चालली आणि एका संध्याकाळी दादांनी गाळा बघायला एक माणूस आणला. मी हसून चहा दिला आणि आत जाऊन रडले.

*

रावसाहेबांनीही त्या परचेस हेडला साईटवर जोडून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी साईटने त्यांना सांगितलं की आज त्या परचेस हेडचा वाढदिवस आहे. आमच्याकडे वाढदिवसाला काय करतात? फ्लेक्स! रावसाहेबांनी कोणालाही न विचारता मोबाईलवर फ्लेक्स बनवून घेतला आणि साईटवर लावला. मधोमध परचेस हेड, डोळ्यांवर चिकटवलेला गॉगल, मागे आतषबाजी. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आम्ही चौघं हात जोडून. सगळ्यात मोठा फोटो माझा, ‘बॉक्सवाल्या वहिनी’. वर त्यांनी कंपनीच्या मालकांपासून सगळ्यांना टॅग केलेलं.

मी फोन केला, “रावसाहेब, आत्ताच्या आत्ता काढा.”

“वहिनी, लावलेला फ्लेक्स त्याच दिवशी काढत नसत्यात. माणसाचा अपमान होतो.”

दुपारी त्या परचेस हेडचाच फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, “मॅडम, त्या फ्लेक्सखाली आमच्या मालकांनी विचारलंय, या बॉक्सवाल्या वहिनी कोण? मी शोधलं. तुमचं सॅम्पल कधीच पास झालंय, कळवायचं राहिलं. वर्षभराची ऑर्डर मेल केलीय. आणि हो, तो फ्लेक्स मोठ्या साईजमध्ये मिळेल का? आईला गावी चौकात लावायचाय.”

मी मेल दोनदा वाचला. मग दादांसमोर फोन धरला, आधी ऑर्डर, मग फ्लेक्स. दादांनी चष्मा लावला. ऑर्डर वाचली. गाळा बघून गेलेल्या माणसाला फोन लावून सांगितलं, “गाळा द्यायचा नाही.” मग फ्लेक्स बोटांनी मोठा करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बराच वेळ बघत राहिले.

“सगळं ठीक आहे,” दादा म्हणाले. “पण यात माझा फोटो कसा नाही टाकला?”