कप धुणारीचा वाटा

बडीशेप दाताखाली आली की साताऱ्याच्या स्टँडजवळचं सत्तरच्या दशकातलं ते हॉटेल आठवतं. परदेशी प्रवासी बोटीवर वाढप्याचं काम करणारे मामा सुट्टीला माण तालुक्यातल्या गावी निघाले होते, मी सोबत होतो. चहा-भजी झाल्यावर वेटरनं बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे आणले. मामांनी थोडे त्याला दिले आणि उरलेले घेऊन मागच्या धुरकट मोरीकडं गेले. कपबश्या विसळणारी बाई ओले हात पदराला पुसत म्हणाली, “आवं, मी कुटं तुमास्नी वाढलं?” मामा म्हणाले, “कप तुमीच धुतला न्हवं? आमच्या बोटीवर बक्षिसी तिकिटातच धरत्यात, धुणाऱ्यालाबी वाटा असतोय.” तिनं पैसे कनवटीला लावले, पेला घासून लख्ख केला, गार पाणी भरून मामांच्या हातात दिला. “आता वाढलं म्हना.” हल्ली सर्व्हिस चार्ज बिलातच छापून येतो, तरी मी वेटरला विचारतोच, आत कप कोण धुतं.